आश्वासनांचे वनीकरण

राज्यसभेविषयी आपल्या मंडळींत दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की, लोकांनी नाकारलेल्या पुढाऱ्यांची सोय लावणारी ती धर्मशाळा आहे. दुसरे मत असे की, ते जाणत्यांचे सभागृह आहे. मतांच्या बाजारापासून दूर बसून तेथे पुढच्या पिढ्यांचा विचार होतो. पहिले मत कट्ट्यावर मांडले जाते, दुसरे शाळेच्या पाठ्यपुस्तकात. जंगल, नदी आणि जमीन यांच्यापुरते बोलायचे तर आम्हांला ही दोन्ही मते मान्य नाहीत. या सभागृहात जाणती माणसे जातात, हे खरे आहे. त्यांच्या हाती अधिकारही असतो. तरीही निर्णयाच्या घटकेला ही माणसे तो अधिकार म्यानात घालतात आणि मंत्र्यांच्या एका आश्वासनावर समाधान मानून खाली बसतात. आमचा आक्षेप या समाधानावर आहे.

निसर्गरक्षणाच्या कामासाठी हे सभागृह किती योग्य आहे, ते आधी पाहू. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. सागाचे रोप लावणाऱ्याला किंवा नदी शुद्ध करू पाहणाऱ्याला पाच वर्षांची निवडणूक हा फार तोकडा कालावधी असतो; सलग चालणारे सभागृह अशा कामाला अधिक मानवते. माणसांचीही वाण नाही. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीला टेकले होते. पुढे के. कस्तुरीरंगन आणि एम. एस. स्वामीनाथन हे नामनियुक्त सदस्य म्हणून तेथे बसले. पंजाबातील काली बेईं नदी लोकसहभागातून स्वच्छ करणारे बलबीरसिंग सीचेवाल २०२२ मध्ये निवडून गेले. इतकेच नव्हे, तर २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत पर्यावरण खाते सांभाळणाऱ्या सात मंत्र्यांपैकी जयराम रमेश, जयंती नटराजन, प्रकाश जावडेकर, अनिल माधव दवे आणि भूपेंद्र यादव हे पाच जण राज्यसभेचे सदस्य म्हणून ते पद सांभाळत होते. पर्यावरण हे जणू याच सभागृहाचे घरचे खाते झाले होते. तेव्हा देशाच्या जंगलांचे जे काही बरेवाईट झाले, त्याचा जाब या सभागृहाने दिला पाहिजे.

हा जाब मागण्यासाठी आम्ही एकच दिवस निवडतो. तो दिवस २८ जुलै २०१६. त्या दिवशी पर्यायी वनीकरण निधीचे विधेयक राज्यसभेपुढे होते. खाण, धरण वा रस्ता यांसाठी जंगल तोडले की तोडणाऱ्याने त्याची किंमत भरावी आणि त्या पैशातून अन्यत्र झाडे लावली जावीत, अशी ही व्यवस्था. 'कॅम्पा'चा पैसा या नावाने ती ओळखली जाते. वर्षानुवर्षे साचत गेलेला हा निधी तेव्हा सुमारे ४२,००० कोटी रुपयांवर गेला होता. विधेयकाने त्यातील ९० टक्के वाटा राज्यांना आणि १० टक्के केंद्राला ठरवून दिला.

प्रश्न पैशाच्या वाटपाचा नव्हता. ही झाडे कोणाच्या जमिनीवर लावायची आणि त्यासाठी कोणाला विचारायचे, हा खरा प्रश्न होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांचे हक्क मान्य केले आणि ग्रामसभेला त्या जंगलाच्या राखणीचा अधिकार दिला. गुरे चारण्याची, मोहफुले वेचण्याची, तेंदूपाने तोडण्याची जी जागा, ती वनखात्याच्या नकाशावर पुष्कळदा 'उजाड जमीन' म्हणून दाखविलेली असते. तेथे तारा ठोकून सागाची वा निलगिरीची एकजात लागवड केली, की कागदावर जंगल वाढते आणि गावाचे चराऊ रान जाते. एका ठिकाणचे जंगल खाणीने न्यावे आणि त्याच्या भरपाईने दुसऱ्या गावाचे रान न्यावे, असा हा दुहेरी फटका आहे.

या मुद्द्यावर त्या दिवशी सभागृहात जी दोन माणसे समोरासमोर होती, त्यांची नावे आपल्या वाचकांना परकी नाहीत. मंत्रिपदावर होते अनिल माधव दवे. ते मध्य प्रदेशचे, म्हणजे आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांचे राज्यसभेतील प्रतिनिधी. उज्जैन जिल्ह्यातील बडनगरचा जन्म, इंदुरात शिक्षण, आणि सारे आयुष्य नर्मदेच्या काठी. 'शिवाजी व सुराज' हा ग्रंथ त्यांनीच लिहिला. समोर होते जयराम रमेश. ते त्याच महिन्यापासून कर्नाटकाचे, म्हणजे आमच्या बेळगावकरांचे प्रतिनिधी झाले होते. ग्रामसभा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेच्या हाती स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्यासाठी पर्यावरणमंत्री म्हणून रमेश स्वतः तेथे गेले होते. दोघेही आपापल्या परीने निसर्गाचे जाणकार, दोघेही प्रामाणिक. अशी जोडी समोरासमोर आली म्हणजे चांगला कायदा व्हावयास हवा होता.

घडले ते असे. वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमती विधेयकातच लिहून घ्यावी, यासाठी रमेश यांनी दुरुस्ती मांडली. दवे यांनी सभागृहात आश्वासन दिले की, ग्रामसभेच्या अधिकारांची काळजी नियमांमध्ये घेतली जाईल. आश्वासनावर विसंबून रमेश यांनी दुरुस्ती मागे घेतली. विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले.

पुढे दहा महिन्यांच्या आत, १८ मे २०१७ रोजी, दवे यांचे निधन झाले. नियम निघाले १० ऑगस्ट २०१८ रोजी. त्यांत ग्रामसभेची 'संमती' नव्हती, 'सल्लामसलत' होती. आणि तीही ग्रामसभेशी किंवा गावच्या वनव्यवस्थापन समितीशी. ही समिती बहुतेक ठिकाणी वनखात्याच्याच पंखाखाली वाढलेली असते. म्हणजे ज्याने झाड लावायचे, त्यानेच आपल्या माणसाचा सल्ला घ्यायचा आणि पुढे जायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना ४७,००० कोटींहून अधिक रक्कम देण्यात आली. पैसा खाली पोहोचला. शब्द मात्र वाटेतच राहिला.

येथे कोणी म्हणेल की, दवे यांच्या हेतूविषयी शंका घेणे अनुदारपणाचे होय. आम्ही ती घेत नाही. मृत्युपत्रात ज्याने आपले स्मारक नको, आपल्या नावे पुरस्कार नको, आठवणच ठेवायची तर झाडे लावा आणि ती जगवा असे लिहिले, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा उलट आहे. आश्वासन देणारा प्रामाणिक असला तरी तो उद्या त्या खुर्चीवर असेलच असे नाही. खुर्ची बदलते, माणूस जातो, खात्यातील कारकुनी मात्र तशीच राहते. म्हणूनच शब्द कायद्यात लिहून घ्यावयाचा असतो. घराच्या सौद्यात सज्जन माणसाकडूनही आपण कागद करून घेतो. त्यात त्याचा अपमान नसतो. ४२,००० कोटींच्या आणि लाखो वनवासी कुटुंबांच्या सौद्यात तो कागद का केला गेला नाही, एवढेच आम्ही विचारतो.

दुसरा युक्तिवाद असा होतो की, संख्याबळ नव्हते. हे खरे नाही. जुलै २०१६ मध्ये राज्यसभेत सरकारी पक्षाकडे बहुमत नव्हते. त्याच वर्षी १६ मार्चला याच सभागृहात आधार विधेयकावर याच जयराम रमेश यांच्या दुरुस्त्या संमत झाल्या होत्या. ते धन विधेयक म्हणून आणले गेल्यामुळे लोकसभेला त्या दुरुस्त्या झिडकारता आल्या. पर्यायी वनीकरणाचे विधेयक साधे विधेयक होते. राज्यसभेने दुरुस्ती केली असती, तर ती लोकसभेला विचारात घ्यावीच लागली असती. मार्चमध्ये जे शस्त्र चालत नसताना उपसले, ते जुलैमध्ये चालण्याजोगे असताना खाली ठेवले, याला काय म्हणावे?

निधी आणखी अडकून पडला असता, राज्ये रागावली असती, असा तिसरा युक्तिवाद आहे. त्यात थोडे तथ्य आहे, हे आम्ही नाकारत नाही. राज्यांना पैसा हवा होता आणि त्यांत रमेश यांच्या पक्षाची राज्येही होती. परंतु जो निधी वर्षानुवर्षे पडून होता, तो आणखी एका अधिवेशनापुरता थांबल्याने आभाळ कोसळले नसते. उलट घाईने जे निसटले ते अद्याप हाती आलेले नाही.

आश्वासन नाकारून आपल्या म्हणण्यावर ठाम राहता येते, याचे उदाहरण याच सभागृहात आहे. २४ एप्रिल २०१५ रोजी तमिळनाडूचे सदस्य तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे खासगी विधेयक सभागृहापुढे होते. सरकारने नेहमीप्रमाणे ते मागे घेण्याची विनंती केली. ते मागे घेईनात. शेवटी सभागृहाने ते एकमताने संमत केले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही आणि हेही लोकसभेत पुढे गेले नाही. तरी एका सदस्याच्या हट्टापुढे सरकारला त्या प्रश्नावर स्वतःचे विधेयक आणणे भाग पडले. पर्यावरणाच्या कैवाऱ्यांनी हा हट्ट शिकावा.

२०१६ हे एक उदाहरण झाले. यानंतर परिस्थिती सुधारली असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात बदल करणारे विधेयक आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'जंगल' या शब्दाचा कोशातील अर्थ धरून, सरकारी दप्तरात नोंद असो वा नसो, सर्व जंगलांना संरक्षण दिले होते. नव्या विधेयकाने हे कवच अधिसूचित वा दप्तरी नोंद झालेल्या जंगलांपुरते आखडते घेतले आणि सीमेपासून शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातील सामरिक महत्त्वाच्या रस्त्यांना व लोहमार्गांना त्यातून वगळले. या विषयाच्या स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते. विधेयक त्यांच्या समितीकडे गेलेच नाही. ते ३१ सदस्यांच्या वेगळ्या संयुक्त समितीकडे देण्यात आले. रमेश यांनी त्याला लेखी हरकत घेतली, ती रास्त होती. संयुक्त समितीने विधेयकात काहीही बदल न सुचविता अहवाल दिला. काही सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका त्याला जोडलेल्या होत्या.

मग आला २ ऑगस्ट २०२३. राज्यसभेत हे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तेव्हा विरोधी बाके सभात्यागामुळे बव्हंशी रिकामी होती. सभात्याग मणिपूरच्या प्रश्नावर होता. मणिपूरची वेदना लहान होती असे म्हणण्याइतके आम्ही निर्दय नाही. त्या वेळी संख्याबळही विरोधकांच्या बाजूने नव्हते, हेही मान्य. परंतु हजर राहून मतविभाजन मागितले असते, तर निदान जंगलाच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, ही नावे इतिहासाच्या दप्तरात पडली असती. आवाजी मतदानात आवाज असतो, नाव नसते. त्याच दिवशी याच सभागृहाने जनविश्वास विधेयकही संमत केले. त्यान्वये भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली झालेल्या पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा जाऊन तेथे १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला. ज्या राज्याच्या राजधानीत १९८४ ची ती रात्र घडली, त्या राज्यात राहणाऱ्या आम्हांला हे वाचताना काय वाटले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

वनकायद्याच्या बाबतीत पुढे काय झाले? १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ च्या अर्थाप्रमाणेच जंगल ओळखावे असे राज्यांना बजावले. जे काम जाणत्यांच्या सभागृहाने करावयाचे, ते न्यायालयाला करावे लागले. सभागृहातील भाषणांनी मात्र वरातीमागून घोडे धाडावे तसे वृत्तपत्रांतून दर्शन दिले.

आणखी एक तारीख. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी जलप्रदूषण कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मुद्दाम राज्यसभेतच प्रथम मांडले गेले. दुसऱ्याच दिवशी ते संमत झाले. फेरविचारासाठी निर्माण केलेल्या सभागृहाला विचारासाठी एक रात्र पुरली. येथेही बहुतेक गुन्ह्यांची कैद जाऊन दंड आला आणि काही वर्गांच्या कारखान्यांना संमतिपत्रातून सूट देण्याची मुभा केंद्राला मिळाली. इंदूरची कान्ह, ग्वाल्हेरची स्वर्णरेखा, वडोदऱ्याची विश्वामित्री, हैदराबादची मुसी: आपल्या पणजोबांनी ज्या नद्यांच्या काठी बिऱ्हाडे मांडली, त्या नद्यांची आजची अवस्था ज्याने नाक धरून पाहिली आहे, त्याला या एका रात्रीची किंमत कळेल.

पक्षादेशाने हात बांधलेले असतात, असे सदस्य सांगतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे मतदानात ते खरेही आहे. परंतु समितीच्या कामाला पक्षादेश लागू नाही. प्रश्न विचारायला, पटलावर ठेवलेल्या नियमांत बदल सुचविणारा प्रस्ताव द्यायला, शासकीय आश्वासन समितीकडे पाठपुरावा करायला पक्षाची तलवार मानेवर नसते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे, असा संकेत आहे आणि ते तपासण्यासाठी राज्यसभेची स्वतंत्र समिती आहे. शेत राखायला कुंपण आहे. राखणदारानेच पाठ फिरविली तर कुंपणाने काय करावे?

आता थोडे घरचे. म्हादईचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, देगावजवळ होतो. ती पुढे गोव्याची मांडवी होऊन समुद्राला मिळते. म्हणजे आपल्याच परिवारातील दोन केंद्रे या एका नदीच्या माथ्याशी आणि मुखाशी आहेत. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. राज्यसभेत कर्नाटकाच्या १२ जागा आहेत, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची एक. प्रत्येक जण आपल्या राज्याच्या वाट्याविषयी बोलतो. नदीचा वाटा कोणी मागत नाही. कणकुंबीच्या रानाला, मांडवीच्या मुखाशी असलेल्या चोडणच्या खारफुटीला, ज्या बेटावरचे पक्षी अभयारण्य सालिम अलींच्या नावाने उभे आहे त्या बेटाला, कोणते राज्य आपले म्हणणार? राज्यांचे सभागृह याचा अर्थ राज्यांच्या भांडणाचे सभागृह असा झाला, तर निसर्गाला तेथे प्रतिनिधीच उरत नाही. पश्चिम घाटाचेही तेच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर झाला. त्यानंतर कस्तुरीरंगन गटाचा अहवाल २०१३ मध्ये आला. आणि जुलै २०२४ मध्ये, वायनाडचा डोंगर खचल्याच्या दुसऱ्या दिवशी, संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. सहा मसुदे म्हणजे सहा आश्वासनेच.

आश्वासन म्हणजे काय, हे सीमाभागातील वाचकांना आम्ही सांगावयास नको. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापासून तीन पिढ्यांनी ती ऐकली आहेत. म्हणूनच या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपल्याला अधिक आहे, आणि गप्प बसण्याचा दोषही अधिक आहे. राज्यसभेचे सदस्य आपण थेट निवडत नाही, हे कारण पुढे करून आपण सुटू शकत नाही. त्यांना आपले आमदार निवडतात आणि २००३ पासून ते मतदान उघड असते. जलप्रदूषण कायद्यातील दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती आहे. इतर राज्यांना ती विधानमंडळाच्या ठरावाने स्वीकारावी लागते. म्हणजे हा ठराव मांडणारा वा अडविणारा माणूस आपल्या गल्लीतच मते मागावयास येतो. त्याला गणेशोत्सवात नारळ देऊन सत्कारायचे आणि हा प्रश्न विचारायचा नाही, ही आपली रीत झाली आहे.

आमच्या मागण्या तीनच आहेत. पर्यावरणाची जाण असल्याचे सांगून जे राज्यसभेत जातात, त्यांनी कायद्यात लिहिता येण्याजोगी गोष्ट आश्वासनावर सोडू नये. जंगल वा पाणी यांसंबंधीच्या प्रत्येक विधेयकावर त्यांनी जागेवर हजर राहून मतविभाजन मागावे, हरणार हे ठाऊक असले तरीही. आणि सहा वर्षांची मुदत संपताना त्यांनी आपल्या भाषणांचा संग्रह न छापता, मंत्र्यांकडून मिळविलेल्या आश्वासनांपैकी किती पुरी झाली याचा हिशेब राज्यातील लोकांपुढे ठेवावा. हा हिशेब त्यांनी दिला नाही, तर आपल्या मंडळांनी तो मांडावा. आपल्याकडे वाचनालये आहेत, निवृत्त शिक्षक आणि वकील आहेत, संसदेची कामकाजपत्रे आता कोणालाही पाहता येतात. दर वर्षी साहित्यिकांच्या सत्काराचे ठराव करणाऱ्या संस्थांना एक आश्वासनांची वही ठेवणे जड जाऊ नये.

त्या वहीच्या पहिल्या पानावर कोणते आश्वासन लिहावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. नर्मदा आणि तवा यांच्या संगमावर, बांद्राभान येथे ज्यांच्या देहाला अग्नी दिला गेला, त्यांनी स्मारक नको असे लिहून ठेवले होते. ती इच्छा सर्वांनी पाळली. २८ जुलै २०१६ रोजी त्यांनी ग्रामसभांना दिलेला शब्द मात्र सभागृहाकडे अजून बाकी आहे.